बारा जण, चार रिक्षा: परदेशी विद्यार्थ्यांना बडोदा फिरवण्याची माझी पद्धत

आमच्या भाषावर्गात मी शिकवत नाही. मी फी घेते, चाव्या सांभाळते, सगळ्यांच्या व्हिसाच्या झेरॉक्स फायलीला लावते आणि रविवारी पोरांना बाहेर काढते. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. शिकवणाऱ्यांना रविवार घरी हवा असतो आणि मला रविवारी घरी बसवत नाही. आता आठ वर्षं झाली. टांझानिया, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान, मंगोलिया, येमेन, कुठकुठची पोरं येऊन गेली. बहुतेक जण सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेले असतात. दुकानात, रिक्षात, घरमालकाशी बोलता यावं म्हणून आमच्याकडे हिंदी आणि कामापुरती गुजराती शिकतात. शेजारी मला वहिनी म्हणतात, रिक्षावाले बेन म्हणतात आणि ही सगळी पोरं दीदी म्हणतात. वयानं मी त्यांच्या आईएवढी आहे, पण पहिल्याच बॅचनं दीदी म्हटलं ते चिकटलं.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं. एक मिनीबस ठरवली आणि एका दिवसात लक्ष्मी विलास पॅलेस, फत्तेसिंह म्युझियम, कीर्तिमंदिर, सूरसागर असा बेत आखला. बसवाला दीड तास उशिरा आला. पोरांनी फोटो काढले, अफगाणी अफगाण्यांशी बोलले, आफ्रिकेतले एकमेकांशी बोलले आणि परतताना निम्मे झोपले. सोमवारी सरांनी वर्गात विचारलं, क्या देखा? एक मुलगी खूप विचार करून म्हणाली, "बहुत बड़ा घर." दिवसभराचा एवढाच जमाखर्च.

तेव्हापासून मी ठिकाण नंतर ठरवते, आधी काम ठरवते. सहलीत प्रत्येकाच्या हातात असं एक काम द्यायचं, जे तोंड उघडल्याशिवाय होणारच नाही. खाली जे लिहितेय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. तुमच्या गावात असा वर्ग असेल, किंवा कॉलेजच्या वसतिगृहात परदेशी मुलं असतील आणि त्यांना फिरवायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर उपयोग होईल.

बाराच का

रिक्षात कायद्यानं तीन माणसं बसतात. चार रिक्षा म्हणजे बारा. चार रिक्षा मी नजरेत ठेवू शकते, पाचवी नाही. तेरावा आला तर दुसरी तुकडी करायची, पुढच्या रविवारी.

बस मी आता घेत नाही. बसमध्ये पोरं मागे बसून स्वतःच्या भाषेत गप्पा मारतात. रिक्षात तिघांपैकी कुणालातरी चालकाशी बोलावंच लागतं. म्हणून एका भाषेचे दोघे एका रिक्षात बसवायचे नाहीत. उझबेक, टांझानियन, मंगोल अशी रिक्षा भरली की तिघांना मिळून एकच भाषा उरते, आणि ती आपली मोडकीतोडकी हिंदी. भाडं बसण्याआधी ठरवायचं आणि ते पोरांनीच ठरवायचं. मी चार पावलं मागे उभी राहते आणि रिक्षावाल्याला डोळ्यांनी सांगते की फार ताणू नका. नेहमीच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना आता हा खेळ माहीत आहे. एक जण मुद्दाम दुप्पट सांगतो आणि मुलांनी घासाघीस केली की खूश होऊन ठरल्यापेक्षाही दहा रुपये कमी घेतो.

निरोप पाठवतानाही शब्द कमी. ग्रुपवर मी लांबलचक सूचना टाकायचे तेव्हा कुणी वाचत नसे. आता फक्त असं टाकते: रविवार. सकाळी ६.३०. काला घोडा. टोपी, पाण्याची बाटली, पन्नास रुपये. आणि सोबत घोड्याचा फोटो. काला घोडा म्हणजे सयाजीबागेच्या दारापाशी असलेला सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा. पत्ता चुकला तरी रिक्षावाल्याला 'काला घोडा' एवढं सांगितलं की माणूस पोचतो. भेटायची जागा अशीच निवडावी, जी दोन शब्दांत सांगता येते आणि शहरातल्या कुणालाही ठाऊक असते.

पहिली सहल बाजारात

पहिली सहल मी नेहमी खंडेराव मार्केटला नेते. समोर महाराजांच्या काळातली देखणी इमारत, महापालिका तिथेच, आणि मागे भाजीचा नि फुलांचा बाजार. पोरं इमारतीचे फोटो काढतात तेवढी पाच मिनिटं द्यायची, मग प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि थोडे पैसे. चिठ्ठीवर एकच वस्तू, वजनासकट. घेण्याआधी तीन ठिकाणी भाव विचारायचा, तिन्ही भाव लिहून आणायचे. जो सगळ्यात स्वस्तात आणेल त्याला नंतरचा चहा फुकट.

इथे पोरांना सगळ्यात जास्त छळतात ते आकडे. एक ते शंभर पाठ होतात, पण बाजारात कुणी एक ते शंभर वापरत नाही. दीड, अडीच, पावणेतीन, साडेचार चालतं. हिंदीत ते डेढ़, ढाई, पौने तीन, साढ़े चार शिकून येतात. भाजीवाला बोलतो गुजरातीत, म्हणजे दोढ, अढी. आणि मी मधे पडले की तोंडातून मराठी निघतं. तीन भाषांची खिचडी होते. म्हणून आदल्या दिवशी वर्गात पंधरा मिनिटं नुसते हे अपूर्णांक घोटून घ्यायचे. त्याची किंमत मला एका टांझानियाच्या मुलानं शिकवली. चिठ्ठीवर होतं, २५० ग्रॅम हिरवी मिरची. भाजीवाल्यानं विचारलं, "अढीसो?" मुलाला मधला 'सो' ऐकू आला नाही, तो आत्मविश्वासानं म्हणाला, "अढी, अढी." काकांनी अडीच किलो मिरची तोलून पिशवीत भरली. पैसे कमी पडले तर म्हणाले, बेन आहेत ना मागे, त्या देतील. अडीच किलो मिरच्या आम्ही तेरा जणांनी वाटून घेतल्या. माझ्या सासूबाईंनी आमच्या वाट्याच्या मिरच्यांचं लोणचं घातलं आणि ते दोन महिने पुरलं. त्या मुलाला त्या दिवसापासून सगळे 'ढाई किलो' म्हणू लागले.

चूक झाली की हसू द्यावं, पण त्याच आठवड्यात त्याला पुन्हा पाठवावं. मी त्याला बुधवारी एकट्याला लिंबं आणायला धाडलं. लाज मनात घट्ट बसायच्या आत दुसरी खेप व्हायला हवी.

सयाजीबागेतली सकाळ

दुसरी सहल सयाजीबागेत. आम्ही जुने लोक कमाटीबाग म्हणतो. सकाळी साडेसहाला, कारण त्या वेळी बाग फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांची असते आणि परदेशी पोरांशी निवांत बोलणारं त्यांच्याइतकं दुसरं कुणी नाही. काम असं: तीन अनोळखी ज्येष्ठांशी बोलायचं आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. इथे किती वर्षांपासून येता? पूर्वी इथे काय होतं जे आता नाही? दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण पहिल्याचं उत्तर एका आकड्यात संपतं, दुसऱ्याचं अर्धा तास संपत नाही. अर्धं तर मुलांना कळत नाही, पण ऐकत राहायची सवय होते. एका मंगोलियन मुलीला एका आजोबांनी बागेतल्या छोट्या आगगाडीत लहानपणी बसल्याची गोष्ट सांगितली, आणि नंतर स्वतः तिकीट काढून तिला आत्ताच्या गाडीत बसवलं.

बागेतलं म्युझियम १८९४ सालचं आहे आणि आत निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. पोरांना हे दोन्ही दाखवावं आणि बाहेर यावं. सगळी दालनं करायला गेलात तर सकाळ मेली.

थंडीत मी एक फुकटचं कामही ठेवते: मगरी मोजणं. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. हिवाळ्यात ऊन पडलं की त्या काठावर येऊन पडतात. पुलावरून पाहायचं, आकडा हिंदीत सांगायचा, मग जवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, तुम्हाला किती दिसल्या? मगरीवरून बोलणं सुरू करायला बडोदेकराला कारण लागत नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या, त्याच्या गोष्टी प्रत्येकाकडे आहेत. मात्र एक नियम पक्का: पुलावरूनच. सेल्फीसाठी काठावर उतरायचं नाही, आणि जो उतरेल त्याची पुढची सहल बंद. एकदाच एक जण उतरायला निघाला होता, त्याला मी मराठीत जे बोलले ते त्याला भाषांतराशिवाय समजलं.

बागेत आणखी एक जागा आहे जिच्यापाशी मी पोरांना शांतपणे नेते, काम न देता. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि लंडनचं शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना इथे काम करायचं होतं. पण या शहरात त्यांना राहायला जागा कुणी देईना. एका पारशी खाणावळीत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तेवढे तास ते या बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

हे मी आधी सांगत नव्हते. मग एका वर्षी एक नायजेरियाचा मुलगा तीन आठवडे खोली शोधत होता. फोनवर सगळे हो म्हणायचे, दारात तोंड पाहिलं की खोली 'आत्ताच गेली' असायची. मी त्याच्याबरोबर दोन ठिकाणी गेले, मला लाज वाटली ती घरमालकांना वाटली नाही. त्यानंतरच्या रविवारी बागेत ही गोष्ट मी सोप्या हिंदीत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "फिर वापस आए?" मी म्हटलं, पुढं देशाची राज्यघटना लिहिली. तो म्हणाला, "नहीं. बड़ौदा वापस आए?" त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. असे प्रश्न सहलीत येतात. ते यावेत म्हणून पोरांना थोडं मोकळं सोडावं लागतं, दर मिनिटाला काम देऊन चालत नाही.

आता जे लवकर उरकायचं ते. राजवाडा एकदा दाखवावाच लागतो, नाहीतर पोरं घरच्यांना काय फोटो पाठवणार? सोमवारी जाऊ नका, बंद असतो. ऑडिओ गाइड मिळतं, पण ते कानाला लावलं की बारा जण दोन तास मुके होतात. मी दोघांत एक देते, म्हणजे एकानं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. शेजारच्या फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, तिथे मात्र थांबायचं. त्याहूनही मला आवडतो तो रावपुऱ्यातला तांबेकरांचा वाडा. बाहेरून काही दिसत नाही, वर गेलं की लाकडी खांबांमध्ये भिंती चित्रांनी भरलेल्या. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा, एकोणिसाव्या शतकातली चित्रं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. इथे काम असं: प्रत्येकानं एक चित्र निवडायचं आणि त्यातला एक माणूस आत्ता काय करतोय ते सांगायचं. "वह बांसुरी बजा रहा है." "वह रथ चला रहा है." चालू वर्तमानकाळ इथे जितका पक्का बसतो तितका फळ्यावर बसत नाही. गोष्ट माहीत नसलेल्या पोरांची वर्णनं तर ऐकण्यासारखी असतात. येमेनच्या एका मुलानं कृष्णाला गोपींच्या गराड्यात पाहून विचारलं होतं, "यह आदमी इतना बिज़ी क्यों है?"

खाण्याचं

पहिल्या भेटीतच मी कागदावर लिहून घेते, कोण काय खात नाही. मुस्लिम पोरांना हलाल हवं असतं, कुणी गोमांस खात नाही, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. बडोद्यात शाकाहारी खाणं कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, त्यामुळे गटानं खायचं तर शाकाहारी, म्हणजे वाद मिटला. रमजानमध्ये मी दुपारची सहल ठेवत नाही आणि संध्याकाळी इफ्तारीच्या वेळेला सगळे जण आपापल्या जागी पोचलेले असतात याची काळजी घेते.

सेव उसळ खायला घातल्याशिवाय बडोदा पूर्ण होत नाही. पण तिखटाचा अंदाज पोरांना नसतो. नियम: पहिल्या वेळी 'तरी अलग' मागायची. हे वाक्य मी सहलीआधी पाठ करून घेते: "भैया, तरी अलग देना." उसळ, वर शेव, कांदा, लिंबू, पाव, आणि वाटीत वेगळी लाल तरी. मग ज्याला जेवढं झेपेल तेवढी ओतायची. कोरियाच्या एका मुलीनं सगळी वाटी ओतली आणि परत मागितली. आमचे सर तिथे घाम पुसत बसले होते, त्यांना हे फार लागलं. खाल्ल्यावर लिलो चिवडा दाखवायचा, हा बटाट्याचा ओलसर चिवडा परदेशी पोरांना फार आवडतो. प्रत्येकानं आपला खर्च आपण द्यायचा, गटाचा खर्च फक्त रिक्षाचा आणि चहाचा. हिशोब एका मुलाकडे देते, दर सहलीला वेगळ्या. पैसे जमा करायचे, सुटे परत द्यायचे, म्हणजे पुन्हा आकडे.

सण

सणांच्या सहली मी आधी घरात करते, मग मैदानात.

गणपतीत दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सगळी येतात. बडोद्यात गणेशोत्सव मोठा होतो तो गायकवाडांच्या आणि आम्हा मराठी लोकांच्या पिढ्यांमुळे, आणि आता गुजराती मंडळंही तितक्याच हौसेनं करतात. चपला दाराबाहेर, हातपाय धुऊन आत, आरतीला उभं राहायचं, ज्याच्या धर्मात बसत नसेल त्यानं मागे खुर्चीवर बसलं तरी चालेल. हे शेवटचं मी आधीच स्पष्ट सांगते, दारात सांगितलं की मूल अवघडतं. टाळ-झांजा मात्र कुणी नाकारत नाही. उझबेकिस्तानचा एक मुलगा झांज इतकी नेमकी वाजवायचा की माझे दीर त्याला शेजाऱ्यांच्या आरतीलाही घेऊन जायचे. सासूबाई त्याला 'अरे' म्हणायच्या आणि त्याला ते त्याचं नावच वाटायचं.

गरब्याच्या आधी वर्गात दोन संध्याकाळी सराव. बे ताळी आणि त्रण ताळी, बस, एवढं आलं तर चालतं. बाकी वर्तुळात गेल्यावर येतं. पहिले दोन दिवस मोठ्या मैदानावर जाऊ नका. पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, आणि सोसायटीत शेरी गरबा असतो, तिथे पास लागत नाही, वर्तुळ लहान असतं आणि पाय चुकला तर मागची काकू हात धरून सावरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठ्या मैदानावर. तिथे पास, ओळखपत्र, फोन चार्ज, आणि भेटायची एक जागा आधीच ठरवलेली. हजारो लोक एका दिशेनं फिरत असतात, त्यात उलट्या दिशेनं शिरायचं नाही. आमच्याकडे बरेच जण अनवाणी खेळतात. पोरांना हे भारी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तळपायाला फोड घेऊन येतात, म्हणून बॅगेत चिकटपट्टी. गरब्याचा पोशाख, म्हणजे चणियाचोळी आणि केडियुं, भाड्यानं मिळतो, विकत घ्यायला लावू नका. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोनं गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण आमच्या वर्गातल्या पोरांना गरबा खरा कळतो तो आरती झाल्यावर, जेव्हा कुणीतरी अनोळखी माणूस हातावर प्रसाद ठेवतो.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत आणि इथला पतंगांचा सण, १४ जानेवारीला, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. गच्ची कुणाची ते आठवडाभर आधी पक्कं करावं, तोंडी परवानगी पुरत नाही, घरमालकाला फोन करावा. बोटांना चिकटपट्टी, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी. चायनीज दोरी बंदी असलेली आहे, कुणी स्वस्त म्हणून घेऊन आला तर खाली ठेवायला सांगावी. पक्ष्यांचे आणि माणसांचे गळे कापले जातात. दिवसभर गच्चीवर राहायचं तर पोरांना दोन वाक्यं पुरतात: "काय पो छे!" (पतंग कापला!) आणि "लपेट!" ऊंधियुं आणि जिलबी खालून वर येते, मी तीळगूळ वाटते. 'गोड बोला' असं का म्हणतात ते विचारतात, तर मी सांगते की वर्षभर आमचे शेजारी आणि आम्ही पाण्याच्या टाकीवरून भांडतो, त्यावर हा उपाय.

शहराबाहेर

चांपानेर-पावागढ साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. एसटी मिळते. महमूद बेगड्यानं १४८४ मध्ये पावागढ घेतला आणि खाली चांपानेर नव्यानं वसवलं. २००४ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. बहुतेक लोक रोपवेनं वर जाऊन महाकालीचं दर्शन घेऊन परत येतात. रोपवेनंतरही पायऱ्या उरतातच, ते पोरांना आधी सांगावं. मी उलटं करते. आधी सकाळी खाली जामी मशीद. ती मशीदच आहे, तरी खांब, कमानी, नक्षी पाहून मुस्लिम पोरांना वाटतं की हे देऊळ आहे आणि इतरांना वाटतं की ही मशीद आहे. त्यावरून ते आपसात वाद घालतात आणि वाद हिंदीत घालतात, कारण दुसरा मार्ग नसतो. नवरात्रात, पौर्णिमेला आणि सुट्टीच्या रविवारी जाऊ नका, पाऊल टाकायला जागा नसते. पावसाळ्यानंतर जा, डोंगर हिरवा असतो.

एकतेचा पुतळा सगळ्यांना पाहायचा असतो, १८२ मीटर उंच आहे, पाहावा. सोमवारी बंद. माझ्या पद्धतीची सहल तिथे होत नाही, कारण बोलायला कुणी नसतं, फक्त रांगा असतात. तिथे मी वर्षातून एकदा जाते आणि काम देत नाही.

कागद आणि कटकटी

बाहेरगावी रात्र काढायची असेल तर प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसा बरोबर हवा. हॉटेलवाल्याला परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत भरावी लागते, म्हणून बरीच छोटी हॉटेलं परदेशी म्हटलं की नाहीच म्हणतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या. एकदा रात्री साडेनऊला बारा जणांना घेऊन मी एका काउंटरवर उभी होते आणि फोनवर हो म्हणणारा माणूस ओळखायलाच तयार नव्हता. तेव्हापासून मी मुक्कामाची सहल ठेवणंच सोडलं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करायची असते. ज्याची नोंदणी झाली नसेल त्याला पहिली सहल तिथेच.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. हे पहिल्याच दिवशी सांगावं, आडून नाही, सरळ. परदेशी माणसासाठी परवाना हा वेगळा विषय आहे, त्यात आपण पडू नये, पण सहलीच्या बॅगेत बाटली चालणार नाही हे स्पष्ट असावं.

मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी मी कुणाला बाहेर काढत नाही, थंड देशांतून आलेल्यांना तर मुळीच नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये दोन आकडे: ११२ पोलीस, १०८ रुग्णवाहिका. मुलींच्या फोनमध्ये तिसराही: १८१ अभयम, महिलांची मदतवाहिनी. नुसते साठवून ठेवले की पुरत नाही. मी वर्गात फोन कानाला लावून खोटा खोटा कॉल करवते: मैं कहाँ हूँ, क्या हुआ, मेरा नाम क्या है. भीतीत भाषा पहिल्यांदा पळते.

शेवटची सहल त्यांची

तीन महिने झाले की एक सहल मी विद्यार्थ्यांवर सोडते. ठिकाण त्यांनी ठरवायचं, रिक्षा त्यांनी ठरवायच्या, काम त्यांनी द्यायचं, मीही इतरांसारखी चिठ्ठी घ्यायची. बऱ्याचदा फतेगंजमध्ये चहाच्या टपरीवर नेतात किंवा कुणाच्या खोलीवर नेऊन त्यांच्याकडचा भात खायला घालतात.

मागच्या वर्षी नवी बॅच आली तेव्हा 'ढाई किलो' विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. मी त्याला बोलावलं, म्हटलं, पहिली सहल तू घे. तो बारा जणांना घेऊन खंडेराव मार्केटमध्ये शिरला. अपूर्णांकांचा धडा रिक्षातच घेऊन झाला होता. मिरचीवाले काका तेच होते. त्यांनी त्याला ओळखलं, हसले, आणि त्यानं काही मागायच्या आत दोन किलोचं वजन उचलून तराजूत ठेवलं.

"ना काका," तो म्हणाला, "अढीसो."